भादली स्टेशनवर न थांबणारी गाडी समोरून गेली की हॉर्नचा आवाज एकदम जाड का होतो? ड्रायव्हर हॉर्न बदलतो का?

नाही हो, हॉर्न तोच असतो. गाडी आपल्याकडे येत असताना प्रत्येक पुढची ध्वनिलहर आधीपेक्षा जवळून सुटते, म्हणून लहरी दाटीने कानावर येतात आणि सूर चढा लागतो. गाडी पुढे गेली की त्याच लहरी विरळ होतात.

हिशेब करून बघा. हॉर्न ४०० हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला ४०० लहरींचा, गाडी ताशी १०८ किमी म्हणजे सेकंदाला ३० मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. येताना ऐकू येणार साधारण ४३९ हर्ट्झ, जाताना ३६८. पेटीवर कोमल गंधारावरून षड्जावर उतरावं, जवळपास तेवढा फरक.

गाडी जवळ येते तसा सूर चढत जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. चढतो तो फक्त आवाजाचा मोठेपणा. रुळाच्या अगदी जवळ उभं राहिलं तर सूर समोरून जाताना झपकन पडतो. लांब केळीच्या बागेतून ऐकलं तर हळूहळू उतरतो.

याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी तो १८४२ मध्ये मांडला आणि १८४५ मध्ये हॉलंडात चक्क रेल्वेत तुतारीवाले बसवून तपासला गेला.