तीन डॉलरचा हिशेब उसाच्या फडात

प्रश्न : साहेब, दिवसाला तीन डॉलरच्या आत भागवणारा माणूस जागतिक बँकेच्या हिशेबी अतिगरीब, असं पेपरात वाचलं. तीन डॉलर म्हणजे अडीचशेच्या वर रुपये झाले. माझ्या रानाच्या कडेला बीडकडची एक ऊसतोड जोडी खोपी घालून आहे. दोघं मिळून दिवसाला सातशेच्या वर कमावतात, वर आमच्याकडनं खुशाली (तोडीचे वरचे पैसे) मागतात. मग गरीब कुणाला म्हणायचं? आणि भारतातली गरिबी संपत आली म्हणतात, ते खरं का?
(ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : दादा, खुशालीचा राग पत्रात चांगलाच उतरलाय. माझी सगळी नोकरी पीककर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळं काटामारीपासून (वजनातल्या चोरीपासून) खुशालीपर्यंत काहीच मला नवं नाही. पण तुमचा हिशेब दोन ठिकाणी घसरतो.

हे तीन डॉलर बँकेत बदलून मिळणारे डॉलर नव्हेत. 2021 च्या किमतींनी अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येतो, तेवढा आपल्याकडं साधारण वीस रुपयांत येतो, असं धरून जून 2025 मध्ये ही रेघ आखली. म्हणजे ती माणशी रोज साठ-बासष्ट रुपयांवर पडते. नंतरची महागाई चढवली तर पाऊणशेच्या आसपास. घरच्या शेतातलं धान्य खाल्लं तर त्याचीही किंमत लावून ती खर्चात धरतात. अडीचशे कुठं आणि पाऊणशे कुठं!

दुसरं, रेघ माणशी आहे आणि वर्षभराची आहे. तुम्ही मोजताय जोडीची आणि हंगामातली कमाई. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपयांवर गेला. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, दिवसाला दोन टन तोडला तर 732 रुपये. तुमचे सातशे ते हेच. आता हंगाम चार महिन्यांचा धरू आणि एकही खाडा नाही असं धरू (खाडा झाला की मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, उलट पैसे कापतो, ते सोडून देऊ). 87,840 रुपये झाले. खोपीत दोन पोरं आणि गावाकडं एक म्हातारी, अशी पाच तोंडं. वर्षाच्या दिवसांवर वाटा. माणशी रोज 48 रुपये येतात.

वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे मिळत असतील, तुमची खुशाली असेल, गावाकडच्या कोरडवाहू रानात थोडा कापूस होत असेल. ते सगळं धरून ही जोडी रेघेच्या जरा वर जाईल, एखाद्या वर्षी तेही नाही. आणि ही कमाई हातात पडते कधी? बरीचशी उचल म्हणून हंगामाआधीच घेतलेली असते आणि कुणाच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली असते. फडात चालतं ते ती फेडायचं काम.

राहिला देशाचा आकडा. या नव्या रेघेनं भारतातले अतिगरीब 2011-12 मध्ये 27.1 टक्के होते, 2022-23 मध्ये 5.3 टक्के. घट खरी आहे. ज्यानं 1990 पूर्वीची खेडी पाहिलीत, त्याला ती कागदाशिवायही दिसते. पण या दोन्ही वर्षांच्या सरकारी पाहण्यांत खर्च विचारायची पद्धत सारखी नव्हती आणि घरोघर जाणाऱ्या पाहणीतून हंगामात कुलूप असलेलं घर निसटणं सोपं. म्हणून 5.3 हा आकडा मी जरा सैल हातानं धरतो. शिवाय रेघेच्या दोन रुपये वर असलेला माणूस गरीब नाही, असं ती रेघ म्हणतच नाही. अगदी तळाची माणसं मोजायची, एवढ्यापुरतंच तिचं काम.

माझ्या लेखी रेघेपेक्षा मोठा सवाल दर कोण ठरवतो हा आहे. साखरेचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात हलतो. ब्राझीलच्या कारखान्यांनी ऊस साखरेकडं वळवला की इथेनॉलकडं, यावर हलतो. जून 2022 पासून आपल्या सरकारनं निर्यातीवर बंधनं घातली, त्याचाही फरक पडला. या सगळ्यात तुम्हाला निदान एफआरपीचा, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान भावाचा, कायदा आहे, आणि कमी पडलं तर तुम्ही ऊस वाहतूक रोखता. कारखान्याचे अध्यक्ष दिल्लीला जातात. तोडणीवाल्यांच्या संघटनांनी कोयता बंद ठेवायची तयारी केली तेव्हाच ते 34 टक्के मिळाले. पण एकट्या जोडीचा मुकादमाशी व्यवहार होतो तिथं ना कायदा ना कागद. खुशालीचं म्हणाल तर, जे कारखान्यानं दरात द्यायला हवं ते तुम्ही फडात देताय, असं माझं मत. भांडायचं तर काट्यावर भांडा, खोपीशी नको.

प्रश्न : जागतिकीकरणानं जगातली गरिबी कमी झाली की वाढली? एका वाक्यात सांगा, वादविवाद स्पर्धा आहे.
(विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर : एका वाक्यात स्पर्धा जिंकाल, पण उत्तर मिळणार नाही. जगाचा एकूण आकडा बराच उतरला, त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. पण चीननं परक्या कारखान्यांना दार उघडताना आधी शेती कुटुंबांच्या हाती दिली होती आणि शाळा-दवाखाने त्याच्याही आधी गावोगाव नेले होते. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तांबं, कोको, तेल बाहेर जात राहिलं आणि आज जगातले बहुतेक अतिगरीब तिथं आहेत. दोन्हीकडं बाजार खुला होता. विरोधी बाजू मिळाली तर इथून सुरुवात करा.

प्रश्न : काका, आमच्या घरी तीन पिढ्या कापशी (कोल्हापुरीतलाच एक प्रकार) चप्पल करतात. इटलीच्या प्राडा कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोनंतर सगळे म्हणतात आता तुमचं नशीब उघडलं. जीआय (भौगोलिक मानांकन) असूनही त्यांनी आमची चप्पल कशी काय दाखवली? आणि आम्हाला काय मिळणार?
(सुभाषनगर, कोल्हापूर)

उत्तर : ताई, 2019 चं जीआय हे ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांसाठी. घाट, वेणी, कान यांची नक्कल त्यानं थांबत नाही, आणि त्याची हद्द देशापुरती. जून 2025 मध्ये प्राडानं मंचावर आणली तेव्हा ती नुसती ‘चामडी सँडल’ होती. इथून ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचं ऋण मान्य झालं. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर दोन हजार जोडांचं ठरलं, जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर.

दोन हजार जोडांत आठ जिल्ह्यांचं नशीब उघडत नाही, हे तुम्हीही जाणता. पण काम तुमच्या दारापर्यंत आलंच तर जोडामागं मजुरी किती, कातडं कोण देणार, नापास झालेल्या जोडाचा तोटा कुणाचा, हे हातात काम घ्यायच्या आधी लिहून घ्या. तोंडी ‘बघू, करू’वर एक टाकाही घालू नका. आणि जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून घरातल्या कारागिराचं नाव नोंदवा. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे, अर्ज महामंडळामार्फत होतो का ते आधी विचारा. नाव आजोबांचं घालू नका, जो आज आरी धरतो त्याचं घाला. तुम्ही स्वतः वेणी घालत असाल तर तुमचंही.