जुनी लढाऊ विमानं बघायला जाताय?

पहिल्याच भेटीत सगळी विमानं उरकायचा हट्ट धरू नका. दोन-तीन निवडा, त्यांच्याभोवती सावकाश फिरा. हरिकेन आणि सुरुवातीची स्पिटफायर (दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं) शेजारी असतील तर चांदीच! दोन्हींत तेच 27 लिटरचं, 12 सिलिंडरचं मर्लिन इंजिन. पण हरिकेनची शेपटीकडची बाजू तिरक्या उजेडात बघा: ताणलेल्या कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे दिसतात. गोळी आरपार गेली तरी ठिगळ लावून विमान पुन्हा उडायचं. स्पिटफायरच्या पत्र्याची दुरुस्ती जास्त किचकट. मिग-21 असेल तर समोर उभे राहा, नाकातच हवा घ्यायचं तोंड आणि मधल्या शंकूत रडार. चाकांच्या कप्प्यात वाकून डोकवा, खरी गंमत तिथेच (हात मात्र लावू नका). माहितीफलकांचे फोटो काढा, ते घरी वाचता येतात.