वाचकांचे प्रश्न : गाडीतील ध्वनियंत्रणा

गाडीतील स्टिरिओ, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांच्याविषयी मराठवाड्यातील वाचकांनी पाठविलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. यांतील बहुतेकांना दोष कोठे आहे हे सापडण्याआधीच नवा भाग विकत घेण्याचा सल्ला मिळालेला आहे. तो सल्ला ऐकण्यापूर्वी एक साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर आणि रोध मोजणारे यंत्र) जवळ ठेवावा आणि आधी तारा तपासाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण गाडीतील ध्वनीचे दोष यंत्रांपेक्षा जोडण्यांमध्येच अधिक आढळतात.

प्रश्न : मी जुनी डिझेल गाडी घेतली असून डिक्कीत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आहे. त्यावर पुढच्या दारांचे स्पीकर आणि वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) चालतात. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ येतो. मात्र गाडी सुरू केली की गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. काम करून देणाऱ्यांनी आता स्टिरिओ बदलायला सांगितले आहे. तो बदलावा का? — एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : इतक्यात बदलू नका. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरमधून येते. अल्टरनेटर मुळात उलटसुलट प्रवाह निर्माण करतो आणि त्याच्या आतील डायोड तो एका दिशेचा करून बॅटरीला देतात. या प्रक्रियेत उरलेली बारीक थरथर प्रत्येक गाडीच्या वीजपुरवठ्यात असतेच. ती ध्वनीत शिरते याचा अर्थ तिला कोठेतरी वाट मिळाली आहे. बहुतेक वेळा ती वाट ॲम्प्लिफायरच्या खराब अर्थिंगमुळे तयार होते. ॲम्प्लिफायरचा प्रवाह जाड काळ्या तारेने गाडीच्या बॉडीत परतला पाहिजे. तेथे रंग, गंज किंवा ढिला बोल्ट असेल, तर मुख्य पाट तुंबल्यावर पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरते त्याप्रमाणे हा प्रवाह स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए तारेच्या (ध्वनीचा संकेत ॲम्प्लिफायरपर्यंत आणणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीतून परतू लागतो आणि शिट्टीही सोबत घेऊन येतो.

तपासणीला आरंभ अर्थिंगपासूनच करा. डिक्कीतील काळी तार ज्या बोल्टला लावली आहे तो खोला आणि खालचा पत्रा पाहा. तेथे गाडीचा रंग तसाच असेल, तर दोष बहुधा सापडला असे समजा. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा, तारेच्या टोकाला नीट दाबून बसवलेला लग (धातूची कडी) लावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे पावसाळ्यात गंज चढणार नाही. ही तार बॅटरीकडून येणाऱ्या लाल तारेइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी. सीटच्या पट्ट्याचा बोल्ट यासाठी वापरू नये. त्यानंतर इंजिन सुरू ठेवून, गाणे मोठ्याने लावून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि एक टोक ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूवर, तर दुसरे बॉडीच्या एखाद्या स्वच्छ धातूवर टेकवा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असला पाहिजे.

एवढे करूनही शिट्टी राहिली, तर सर्व बंद करून ॲम्प्लिफायरमधील आरसीए पिना काढा आणि मग गाडी सुरू करा. शिट्टी तरीही ऐकू आली, तर दोष ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात किंवा खुद्द ॲम्प्लिफायरमध्ये आहे. ती थांबली, तर पुन्हा सर्व बंद करून चार्जरला न जोडलेला मोबाइल योग्य केबलने थेट ॲम्प्लिफायरला लावून पाहा. मोबाइलवर आवाज स्वच्छ आला, म्हणजे दोष स्टिरिओ ते डिक्की या टप्प्यात आहे. या टप्प्यात आरसीए केबल आणि बॅटरीची लाल तार एकाच बाजूने, एकाच पट्टीखालून नेलेली असणे ही नेहमीची चूक असते. एक तार डाव्या आणि दुसरी उजव्या बाजूने न्यावी.

पिना काढताना सर्व बंद करण्याचे मी दोनदा सांगितले त्याला कारण आहे. स्टिरिओ चालू असताना या पिना काढल्या किंवा घातल्या, तर काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थचा आतला अतिशय बारीक फ्यूज जळतो आणि त्यानंतर नेमकी हीच शिट्टी सुरू होते. आरसीएची बाहेरची कडी आणि स्टिरिओची धातूची पेटी यांच्यातील रोध मोजून पाहिला, तर बहुतेक स्टिरिओंमध्ये तो जवळजवळ शून्य येतो. तो अनंत दिसला, तर त्या फ्यूजची शंका घ्यावी; ही दुरुस्ती चांगला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर करू शकतो, त्यासाठी नवा स्टिरिओ लागत नाही.

गाडी जुनी असल्यामुळे अल्टरनेटरही पाहून घ्या. इंजिन सुरू असताना बॅटरीवर डीसी व्होल्ट साधारण १३.८ ते १४.४ असावेत, मीटर एसीवर ठेवल्यास आकडा शून्याच्या आसपास यावा. तो अर्ध्या व्होल्टपर्यंत गेला, तर एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता आहे. बाजारात मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर (स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थ वेगळे करणारी डबी) लावून शिट्टी दबते हे खरे; परंतु स्वस्त आयसोलेटर खर्जाचा आवाजही खातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

प्रश्न : गाडीचा जुना रेडिओ काढून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. गाणी उत्तम वाजतात, पण एफएम केंद्रे खरखरतात आणि परभणी आकाशवाणी पूर्वी मध्यम लहरीवर ऐकू यायची ती आता लागतच नाही. — एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : यात एकाच वेळी दोन-तीन कारणे असू शकतात. सर्वांत सामान्य कारण अँटेनाच्या बूस्टरचे आहे. छतावर आखूड अँटेना असलेल्या अनेक गाड्यांमध्ये अँटेनाच्या बुडाशी छोटा बूस्टर (रेडिओचा संकेत वाढवणारा भाग) असतो आणि त्याला कंपनीचा रेडिओ १२ व्होल्ट पुरवत असतो. नवा स्टिरिओ बसवताना त्याची अँटेनासाठीची निळी तार अनेकदा जोडली जात नाही, ती टेप गुंडाळून मागे खोचली जाते. मग बूस्टर मुका होतो आणि जवळचे केंद्रही खरखरू लागते. काही गाड्यांत हा पुरवठा अँटेनाच्या केबलमधूनच जातो. अशा गाडीला त्यासाठीचा वेगळा ॲडॅप्टर लागतो.

दुसरे कारण सेटिंगमध्ये सापडते. स्टिरिओच्या रेडिओ विभागात प्रदेश निवडण्याची सोय असते आणि तेथे अमेरिका निवडलेली असेल, तर एफएमवर तो ०.२ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो, म्हणजे १०२.१ नंतर थेट १०२.३ वर जातो आणि १०२.२ वरचे केंद्र मध्येच राहते. मध्यम लहरीवर तर फरक आणखी जाणवतो. भारतात तेथे ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्या आहेत, अमेरिकेत १० च्या. परभणीचा १३०५ हा आकडा ९ ने भागला जातो, १० ने नाही. त्यामुळे अमेरिकी सेटिंगवर सुई १३०० वरून १३१० वर उडी मारते आणि परभणी कधीच लागत नाही. प्रदेश बदलून पाहा. मात्र कित्येक स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंत मध्यम लहर मुळातच नसते किंवा नावापुरती असते. ज्यांच्या घरी सकाळ आकाशवाणीने होते, त्यांनी खरेदीपूर्वीच ती लावून ऐकून पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याशिवाय स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेले एलईडी दिवे रेडिओत मोठा गोंगाट मिसळतात. एकेक काढून ऐका. दोषी कोण ते लगेच कळेल.

प्रश्न : मी कीर्तने आणि भजने ऐकतो. दारांत नवे स्पीकर बसवल्यापासून टाळ कानात घुसतात, पण पखवाजाचा धुमा कोठे गेला तेच कळत नाही. वूफर घ्यावा असे सुचवण्यात आले आहे. — एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : वूफर घेण्याआधी स्टिरिओच्या बॅलन्सचे बटण पूर्ण डावीकडे फिरवून ऐका. एकाच बाजूने धुमा भरीव ऐकू आला आणि दोन्ही बाजू चालू करताच पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या आहेत हे निश्चित समजा. अशा वेळी एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्जाच्या लहरी एकमेकींना मारतात. टाळांसारख्या तीव्र ध्वनीवर याचा परिणाम कमी जाणवतो, म्हणूनच टाळ तेवढे पुढे आल्यासारखे वाटतात.

खात्रीसाठी दाराचे पॅनेल उघडून स्पीकरच्या तारा सोडवा आणि १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक ध्रुव स्पीकरच्या अधिक खुणेला लावल्यावर पडदा ‘टक्’ असा आवाज करून बाहेर आला पाहिजे. हीच कसोटी स्टिरिओच्या मागे येणाऱ्या जोडीवर, स्पीकर जागेवर ठेवून केली, तर तारांमधली अदलाबदलही कळते. मात्र त्या वेळी तारा स्टिरिओपासून पूर्ण सुटलेल्या असाव्यात, नाहीतर सेल स्टिरिओतच शिरेल.

तारा बरोबर निघाल्या, तर स्पीकरभोवतीची फट पाहा. कंपनीच्या जागेपेक्षा लहान स्पीकर पातळ पट्टीवर बसवला की पडद्याच्या मागची हवा फटीतून पुढे येते आणि खर्ज तेथेच विरतो. फोमची पट्टी लावून ही फट बंद करा आणि दाराच्या पत्र्याला आतून डँपिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा थर) चिकटवा. मात्र काचेवरून उतरणारे पाणी बाहेर जाण्याची खालची छिद्रे बुजवू नका. धुमा परत आला नाही, तरच वूफरचा विचार करावा.

प्रश्न : ३००० वॅट लिहिलेला ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळत आहे. सोबत तारांचा संचही आहे. घेऊ का? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पेटीवरचा आकडा वाचू नका, फ्यूज वाचा. समजा ॲम्प्लिफायरवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ६० अँपिअरला १३.८ व्होल्टने गुणले की सुमारे ८३० वॅट होतात. डी वर्गाचा चांगला ॲम्प्लिफायर त्यातील साधारण ८० टक्के ध्वनीत उतरवतो, म्हणजे हाती साडेसहाशे वॅट येतात. एबी वर्गाचा असेल तर त्याहूनही कमी. खरेदीसाठी आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा, आकडाच धरावा.

तारांच्या संचाविषयी मात्र मला काळजी वाटते. स्वस्त संचातील तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि वरचे जाड प्लास्टिक पाहून ती दणकट वाटते. टोक सोलून चाकूने एक धागा खरवडा. आत पांढरा दिसला तर तांबे नाही. ६० अँपिअर डिक्कीपर्यंत न्यायचे असतील, तर अस्सल तांब्याची सुमारे २१ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज बसवल्याशिवाय ही तार जोडू नये. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, तारेला वाचवत नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना भोकाला रबरी बुश घालावा, कारण आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांवर पत्र्याची कड प्लास्टिक कापते, तार बॉडीला टेकते आणि फ्यूज नसेल तर गाडी पेट घेते. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि डिक्कीत सीएनजीची टाकी असू शकते. खाली वाकून पाहिल्याशिवाय तेथे एकही स्क्रू मारू नका.

ॲम्प्लिफायरवरचा गेनचा (स्टिरिओच्या संकेताशी तो जुळवून घेण्याचा) स्क्रू हे आवाज वाढवण्याचे साधन नाही, हेही आताच सांगून ठेवतो. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून आणि बास-ट्रेबल शून्यावर आणून गेन हळूहळू वाढवावा आणि आवाज फाटू लागताच थोडा मागे घ्यावा.

प्रश्न : गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. नवी बॅटरी टाकूनही तेच. — एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : चावी काढल्यावरही तुमचा स्टिरिओ चालू होतो का, ते पाहा. तसे असेल, तर जोडणी करताना स्टिरिओची पिवळी आणि लाल तार एकत्र केली आहे. पिवळी तार घड्याळ आणि सेटिंगसाठी कायम चालू असते, लाल चावीवर असायला हवी. दोन्ही एकत्र झाल्या की स्टिरिओ झोपत नाही आणि त्याची निळी तार ॲम्प्लिफायरलाही जागे ठेवते. एक अँपिअरप्रमाणे दोन दिवसांत ४८ अँपिअर-तास निघून जातात. बऱ्याच लहान गाड्यांच्या बॅटरीत तेवढे नसतातच. गाडी बंद करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या ऋण तारेत मीटर अँपिअरवर जोडून पाहा. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला, तर फ्यूज एकेक काढत जा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नये.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी वूफर अचानक बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो. — एक वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : ॲम्प्लिफायर तापून स्वतःला बंद करून घेत आहे. बंद पडल्यावर त्यावर लाल दिवा लागलेला दिसेल. तो सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला किंवा वूफरच्या पेटीवर पालथा बसवलेला असेल, तर तेथून काढून सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे हवा खेळेल अशा जागी लावा आणि पंख्यांतली धूळ काढा. वूफरच्या कॉइल समांतर जोडून रोध २ ओहमवर आणलेला नाही ना, हेही मोजा. ॲम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतचाच असेल, तर तो यामुळेच तापतो. सकाळच्या गारव्यातही लाल दिवा लागू लागला, तर स्पीकरच्या सर्व तारा सोडवून पाहा. दिवा गेला, तर एखादी तार बॉडीला टेकलेली आहे; नाही गेला, तर ॲम्प्लिफायर कारागिराकडे न्यावा लागेल.