दोन खाती ठेव

प्रिय मित्रा,

तुझं देणग्यांचं आवाहन वाचलं. ‘एव्हरेस्टच्या तळापासून ४२.१९५ किलोमीटर, नेपाळच्या मुलांसाठी.’ छान वाटलं. मग खालचा आकडा पाहिला, साडेतीन लाख. त्यातले मुलांचे किती आणि तुझ्या विमानाचे, लॉजचे किती, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आधी खाती वेगळी कर. तुझ्या आत्याने दिलेले पाच हजार कुठे गेले, हे तिला न विचारता कळलं पाहिजे. प्रवास तुझ्या खिशातून. यंदा जमत नसेल तर पुढच्या वर्षी जा. ही मॅरेथॉन शर्यत २९ मेला असते, १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले त्या तारखेला. ती काही पळून जात नाही.

ज्या पॅकेजमध्ये अनाथाश्रमाची भेट असेल ते सरळ सोडून दे. नेपाळात अशा आश्रमांतल्या कित्येक मुलांचे आईबाप हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून पोरं गावातून उचलून आणायची, कारण पाहुण्यांना दाखवायला पोरं लागतात. त्यापेक्षा एव्हरेस्टच्या परिसरातल्या खुमजुंग गावची शाळा बघ. हिलरींनी ती १९६१ मध्ये उभी केली, पण मागणी शेर्पांची होती. तुझ्या पैशाचंही असंच विचार: मागितलंय कोणी?

मी विचारलं नव्हतं. पहिल्या खेपेला चॉकलेटं आणि पेनं सॅकभर नेली, वाटेवर वाटली, फोटो काढले. उतरताना त्याच वाटेवर, मंत्र कोरलेल्या दगडांच्या फटींत माझीच चंदेरी वेष्टनं अडकलेली दिसली. गुपचूप वेचली, पण सगळी कुठली मिळतात!

आता भारवाहकांचं. त्यांना सरसकट ‘शेर्पा’ म्हणू नकोस, ते एका समाजाचं नाव आहे. तुझी बॅग उचलणारा राई किंवा तमांग असेल, खालच्या गावातून आलेला, आणि विरळ हवेचा त्रास त्यालाही तुझ्याइतकाच होतो. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, आणि तिचा सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर, नाम्लोवर. हातात आखूड काठी असते, टोक्मा. दम लागला की डोको खाली उतरवत नाहीत, मागे टोक्मा टेकवून उभ्याउभ्याच विसावा घेतात. एकदा असा एक पोरगा माझ्याच बॅगेखाली उभा होता, पायात फाटके कॅनव्हासचे बूट. आणि बॅगेत माझे बुटांचे दोन जास्तीचे जोड! पैसे भरण्याआधी आयोजकाला विचार: माणशी वजन किती, विमा आहे का, रात्री ही माणसं झोपतात कुठे, आजारी पडली तर खाली कोण आणतं? उत्तराला टाळाटाळ झाली तर दुसरा आयोजक शोध.

बाकीचं थोडक्यात. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या सगळ्या भागात, २०२० पासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या पेयांना बंदी आहे; धातूची बाटली आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या ने. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं खिशातच ठेवायची, कडेला ‘पडली’ असं होत नसतं. डाळभात खा. वर जावं तसा चहा महागतो, तिथे घासाघीस करू नकोस, ती किटली आणि तो गॅस कोणीतरी पाठीवरूनच आणलाय. नुसत्या थकव्यासाठी हेलिकॉप्टर मागवू नकोस, पण डोकेदुखी लपवूही नकोस. सुरुवात ५,३६४ मीटरवर आहे, तिथे हट्ट चालत नाही.

सुट्टी असेल तर मुंबईहून काठमांडूचं विमान टाळता येतं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे बस. अंग मोडून येतं, खोटं कशाला सांगू.

शर्यत नामचे गावात संपते, पण तुला खाली लुक्लाच्या विमानतळापर्यंत चालायचंच आहे. नामचेच्या परिसरात कचऱ्याच्या एकेक किलोच्या पिशव्या भरून ठेवतात. जाणाऱ्याने एक उचलायची आणि लुक्लाला पोचवायची. तेवढी जागा सॅकमध्ये ठेव.

आणि रविवारी पहाटे साडेपाचला आतकरवाडीत ये. पाठीवर बारा किलो तांदूळ घेऊन सिंहगड चढायचाय. माझ्या सॅकमधले तू उचलायचे नाहीस, तुझ्यातले मी नाही.

तुझा,
काका