लंडनचा हुकूमनामा, ठाण्याची जप्ती

प्रिय ज्युनिअर,

ठाण्याच्या कारखान्यावर लंडनच्या कोर्टाचा हुकूमनामा (दाव्याचा निकाल देणारा आदेश) बजावून घेण्यासाठी तू केलेला दरखास्तीचा, म्हणजे बजावणीच्या अर्जाचा, मसुदा काल रात्री वाचून काढला. भाषा स्वच्छ आहे, कलमं जागच्या जागी आहेत. पण बारा पानांत मला हवी असलेली तारीख काही सापडली नाही: लंडनच्या कोर्टानं हुकूमनामा दिला कधी? शिवाय एका वाक्याभोवती मी पेन्सिलनं गोल केलाय. ‘समन्स मिळूनही प्रतिवादी गैरहजर राहिला, सबब एकतर्फी हुकूमनामा झाला.’ तुला तो हुकमाचा एक्का वाटला असणार. आपली दरखास्त बुडाली तर याच वाक्यावर बुडेल.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. फरीदकोटच्या राजाचा एक खजिनदार होता, गुरदयाल सिंग. तो चाकरी सोडून संस्थानाबाहेर निघून गेला. राजानं आपल्याच कोर्टात त्याच्यावर पैशाचे दावे लावले, तो आलाच नाही, एकतर्फी हुकूमनामे झाले. ते घेऊन राजा लाहोरच्या कोर्टात गेला. प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, पोचलं आणि 1894 मध्ये लॉर्ड सेलबोर्न यांनी निकाल दिला: दावा लागला तेव्हा जो माणूस तुमच्या मुलखात राहत नव्हता आणि ज्यानं तुमचं कोर्ट मानलंही नाही, त्याच्यावरचा असला हुकूमनामा बाहेर शून्य. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तुला वाटेल, ही कुठली पंजाबातली गोष्ट. पण तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आण. बोरीबंदरला रात्री गाडीत बसलेला व्यापारी सकाळी उतरायचा तो कायद्याच्या दृष्टीनं परमुलखात. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी, बडोदा, आणि मराठवाडा तर निजामाचा. माल उधारीवर जायचा, वसुलीला गेलं की संस्थानाची हद्द आडवी यायची. सरकारनं राजपत्रात ज्या संस्थानांची कोर्टं अधिसूचित केली, त्यांचेच हुकूमनामे इकडे आपल्या हुकूमनाम्यांसारखे बजावले जात. बाकीच्यांना नव्यानं दावा. आज राज्यघटनेच्या 261व्या अनुच्छेदामुळे भारतातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टाचा अंतिम हुकूमनामा देशभर बजावता येतो, म्हणून तुमच्या पिढीला हा त्रास ठाऊक नाही.

या सांध्यावरच एक प्रकरण अडकलं. ग्वाल्हेरचे सरदार शितोळे यांनी 1947 मध्ये ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा लावला, प्रतिवादी उत्तर प्रदेशातले. ते आले नाहीत, 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे ग्वाल्हेर भारतात मिसळलं, तरी सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये सांगितलं की हुकूमनामा झाला त्या दिवशी ते कोर्ट परकं होतं, मागाहून नकाशा बदलला म्हणून त्यात जीव येत नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मला जास्त आवडते. हैदराबाद संस्थानातल्या एका व्यापाऱ्यावर मुंबई उच्च न्यायालयात समरी सूट लागला, म्हणजे झटपट निकालाचा दावा, ज्यात बचाव करायलाही कोर्टाची परवानगी लागते. तो गप्प घरी बसला असता तर फरीदकोटचा आधार घेऊ शकला असता. त्यानं बचावाची परवानगी मागितली. कोर्टानं अटीवर दिली, अट त्याला पाळता आली नाही, हुकूमनामा झाला. मग बजावणीच्या वेळी तो म्हणतो, हे कोर्ट माझ्यासाठी परकं. सर्वोच्च न्यायालयानं ऐकलं नाही. परवानगी मागितलीस तेव्हाच तू त्या कोर्टापुढे मान तुकवलीस! म्हणून परदेशातून समन्स आलेला अशील तुझ्याकडे आला की ‘आधी वकीलपत्र टाकू, मग बघू’ असं कधी म्हणू नकोस. हजर राहायचं की नाही हाच त्या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय असतो. आणि गैरहजर राहा असा सल्ला सरसकटही देऊ नकोस. त्याची मालमत्ता तिकडेही असेल तर हद्दीचा काय उपयोग?

आपल्या प्रकरणाकडे येऊ. करारात लंडनचं कोर्ट दोघांनी मान्य केलेलं आहे, तेव्हा फरीदकोटची अडचण आपल्याला नाही. तुझा मसुदा इथंच थांबतो, समाधान मानून. पण परक्या कोर्टाचा निकाल इथं कधी मानायचा नाही याचे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 13व्या कलमात सहा अपवाद आहेत, आणि दुसरा अपवाद म्हणतो की निकाल गुणावगुणांवर, म्हणजे दाव्यातलं खरंखोटं तपासून, झालेला हवा. 1916 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे असाच लंडनचा हुकूमनामा आला होता. प्रतिवादीनं प्रश्नावलीला उत्तर दिलं नाही म्हणून त्याची कैफियत (लेखी बचाव) काढून टाकली आणि वादीच्या बाजूनं निकाल दिला. मद्रासेत तो चालला नाही: ही शिक्षा झाली, गुणावगुणांवरचा निकाल नव्हे. साम्राज्याच्या राजधानीतला हुकूमनामा साम्राज्याच्याच दुसऱ्या टोकाला अडला, याची मला अजून गंमत वाटते. 2001 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही पुरावा न पाहता दिलेल्या इंग्लंडच्या एकतर्फी निकालाला हाच नियम लावला. एकतर्फी म्हणजे आपोआप बाद असं नव्हे. कोर्टानं साक्षीपुरावा पाहून कारणं दिली असतील तर टिकतो. तर तिकडच्या सॉलिसिटरना विचार, न्यायाधीशांपुढे काय ठेवलं होतं?

आता थेट बजावणीचा रस्ता. त्याच संहितेचं 44-अ कलम 1937 चं. त्यामुळे ‘रेसिप्रोकेटिंग टेरिटरी’ (परस्परांचे हुकूमनामे मानणारा प्रदेश) म्हणून अधिसूचित प्रदेशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा थेट जिल्हा न्यायालयात बजावता येतो. यादी वाच एकदा: युनायटेड किंग्डम, सिंगापूर, हाँगकाँग, फिजी, त्रिनिदाद, न्यूझीलंड, एडन. जुन्या आगबोटींचं वेळापत्रकच जणू. एडनची अपिलं एके काळी आपल्याच उच्च न्यायालयात यायची, झांजीबारचीसुद्धा. अमेरिका या यादीत आजही नाही. तिथला निकाल आणलास तर इथं दावाच लावावा लागेल, तोही तीन वर्षांत. संयुक्त अरब अमिराती मात्र जानेवारी 2020 मध्ये आली, आणि दुबईत कर्ज करून इकडे निवांत बसलेल्या बऱ्याच जणांची झोप उडाली असणार. थेट बजावणी म्हणजे 13व्या कलमातून सुटका नव्हे, ते अपवाद इथंही लागू आहेत. उलट खर्चाचा साधा आदेशही चालतो: नाशिकच्या एका कंपनीवर इंग्लंडच्या कोर्टानं बसवलेला दाव्याचा खर्च नाशिकमध्येच वसूल करता येईल, असं 2016 च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं.

राहिली तारीख. हुकूमनामा बजावायची आपल्याकडची बारा वर्षांची मुदत तू मनात धरली आहेस, असं मसुद्याच्या सुरावरून वाटतं. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मुदत मोजायची ती हुकूमनामा देणाऱ्या देशाच्या कायद्यानं. त्या प्रकरणात 1995 चा लंडनचा हुकूमनामा घेऊन एक बँक 2009 मध्ये बंगळुरूच्या कोर्टात आली होती. इंग्लंडची मुदत सहा वर्षं. संपलं. आधी तिकडेच बजावणीची कारवाई झाली असेल आणि रक्कम पुरी वसूल झाली नसेल, तर ती संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. तेही विचारून घे.

एक माझी चूक सांगतो. ज्युनिअर असताना अशाच दरखास्तीला हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडली, पण त्यातलं किती वसूल झालं आणि किती नाही याचा त्या कोर्टाचा दाखला जोडायला विसरलो. दाखला बोटीनं नव्हे, विमानानंच आला, तरी तीन महिने गेले. तोवर प्रतिवादीनं गोदाम रिकामं करून आमच्या हातावर तुरी दिल्या. सिनियर काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मसुद्याच्या डोक्यावर मुंबई उच्च न्यायालय लिहिलंयस. कारखाना ठाण्याला आहे, तेव्हा ठाण्याचं जिल्हा न्यायालय. शनिवारी अकराला चेंबरमध्ये ये. हुकूमनामा, समन्स बजावल्याचं शपथपत्र आणि तो दाखला घेऊन ये. सहा वर्षं उलटून गेली असतील तर शनिवारपर्यंत थांबू नकोस, आजच फोन कर.

तुझा,
सिनियर