सावंतवाडीच्या मुलीला मुंबईत एमओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची मास्टर्स) करताना स्कॉलरशिप मिळेल का?

हो मिळते, पण ऑक्युपेशनल थेरपीची म्हणून वेगळी शोधत बसू नका, महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच अर्ज करायचा. मी कुडाळला सेवा केंद्रात हेच फॉर्म भरतो त्यामुळे अडकतं कुठे ते रोज बघतोय. मुलगी एससी आहे असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखापर्यंत असेल तर, आणि त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, त्यात फी माफ होते पण महिन्याचा निर्वाह भत्ता नाही. पीजीला दोन्ही चालतात. अट एकच पण मोठी, ॲडमिशन सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर विसरा, नंतर कितीही फेऱ्या मारा काय उपयोग नाय.

आत्ताच काढून ठेवा:
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा
- जात वैधता प्रमाणपत्र (बीओटीएचच्या, म्हणजे पदवीच्या वेळचं असेल तर तेच चालतं)
- तिच्या स्वतःच्या नावाचं, आधार लिंक असलेलं बँक खातं

खात्याचं खरंच बघा हो, आधार गावच्या बँकेला आणि फॉर्मात मुंबईचं खातं असा घोळ दर वर्षी होतो, पैसे मग भलत्याच खात्यात जातात नायतर अडकतात. बाकी, पैसे उशिरा येतात, वर्ष उलटूनही जातं कधी कधी, तेव्हा हॉस्टेल आणि मेसची सोय सुरुवातीला तुम्हालाच करायला लागेल.