जुनी खेळणी रंगवून सायन्स फिक्शन वॉरगेममध्ये वापरली तर चालतात का? रंगाचे पोपडे का निघतात?

चालतात. वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांची आणि गाड्यांची सेना टेबलावर मांडून नियमांनी खेळायची लढाई. तिथे ही खेळणी मन लावून केली तर विकतच्या गाड्यांपेक्षा उठून दिसतात. भाच्याचा रोबो आणि दोन-तीन ट्रक घरात पडून आहेत, रंग दिला तर पोपडे निघाले, आणि ग्रुपमधले म्हणतात “खेळणं ते खेळणं, कंपनीचंच घे”, असं तुम्ही लिहिलंय. पोपड्यांचं सांगतोच, पण उत्तर लिहायला बसलो ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. ते मीही ऐकून घेतलंय.

आधी पोपडे. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, तुम्ही दिलंच असणार. तरीही रंग सुटत असेल तर प्लॅस्टिक कोणतं ते बघा. खेळण्याच्या आतल्या बाजूने नखाएवढा तुकडा कापा आणि भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. त्यावर साधा प्रायमर धरत नाही आणि फेविक्विकही नीट धरत नाही. तळाला गेला आणि कडक असेल तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, बिनधास्त कामाला लागा. तरंगणाऱ्या प्लॅस्टिकला 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं आणि गाडीच्या बंपरला मारतात तो प्लॅस्टिक प्रायमर मारायचा. बहुतेक बंपर त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मिळतो. जोड मात्र चिकटवण्याच्या भरवशावर ठेवू नका, आत तार किंवा बारीक स्क्रू घाला. रबरासारख्या मऊ डायनासोरवर स्प्रे अजिबात नको, तो वाळल्यावरही हाताला चिकटत राहतो. त्यावर ब्रशनेच ॲक्रिलिक द्या. आधीचा ॲक्रिलिक रंग काढायचा तर वस्तू रात्रभर डेटॉलमध्ये पाणी न घालता बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. घासून होईपर्यंत पाणी लावायचं नाही, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो.

आता मूळ मुद्दा. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. फाउंड्रीत ओतकामाआधी लाकडाचा जो नमुना लागतो तो बनवणं हा माझा धंदा. रविवारी राजारामपुरीत एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण खेळायला जमतो. आमच्यातल्या एका दादांची सगळी सेना परदेशातून मागवलेली, रंगकामही देखणं. त्यांचा हात चांगला आहे हे मी आजही म्हणतो. एकदा भंगारवाल्याकडे मला एक पोकलेन मिळाली. तो माणूस खेळण्यांना टिचकी मारतो आणि आवाजावरून ‘कडक’ एका पोत्यात, ‘नरम’ दुसऱ्यात टाकतो. ही कडकच्या पोत्यातली. बूम तुटलेली, पण चेन शाबूत आणि वरचा भाग गरागरा फिरत होता. म्हणजे टरेट, रणगाड्याचा तोफेसकट फिरणारा वरचा भाग, फुकटात तयार! माप घ्यायला म्हणून ती तशीच पिवळीधमक हॉलवर नेली, तर दादा सगळ्यांसमोर म्हणाले, “राग मानू नकोस, पण हे खेळणं आहे. टेबलाची शोभा जाते.”

मी म्हटलं, “दादा, कशावरून खेळणं?”

“दिसतंच की!”

लागलं मनाला. पॅटर्न शॉपमध्ये ‘दिसतंच की’ म्हणून कुणी सुटत नाही, कुठे किती मिलिमीटर फरक आहे ते दाखवावं लागतं. मग त्या पोकलेनशेजारी सैनिक उभा करून बघत बसलो. 28 मिलिमीटरच्या सैनिकाचं प्रमाण साधारण 1:56 ते 1:64 धरतात. केबिनची काच एवढी मोठी होती की तो सैनिक खिडकीतूनच चालत आत गेला असता. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असतो आणि अख्खा किल्ला त्याच्यापुढे लहान होतो, तेच इथे उलट्या बाजूने झालं होतं. दुसरं, पाठीमागची स्क्रूची खोल भोकं. तिसरं, साच्याच्या जोडाची रेघ, जी पॅटर्नवाल्याला दहा फुटांवरून दिसते. आणि माणसाच्या हातापायाच्या मापाची एकही वस्तू त्या यंत्रावर नव्हती. पायरी नाही, कडी नाही, दार नाही. डोळ्याला मापच सापडत नाही, म्हणून तो खेळणं म्हणतो.

एवढं कळल्यावर काम सरळ होतं. खिडक्या जुन्या एटीएम कार्डाच्या तुकड्यांनी बंद केल्या, बघायला फक्त बारीक फट ठेवली. भोकं आणि रेघा लांबी (पुट्टी) भरून घासून काढल्या. वर ट्यूबचं झाकण बसवलं, त्याचं झालं हॅच, म्हणजे आत उतरायचं झाकण, सैनिकाच्या खांद्यांना बेताचं. बूमच्या जागी सिरिंज आणि तिच्यापुढे संपलेली रिफिल, जोडाला एम-सील ओल्या बोटाने फिरवून. सगळ्यात जास्त फरक पाडला स्टेपलरच्या दहा नंबरच्या पिनांनी. बारीक ड्रिलने दोन-दोन भोकं पाडून पिन आत खोचायची, जेमतेम दीड मिलिमीटर बाहेर ठेवायची. अशा पिना एकाखाली एक लावल्या की शिडी होते. ती शिडी लागली आणि यंत्र एकदम घराएवढं दिसायला लागलं.

रंगाला मी कुठलाही परदेशी व्हिडिओ बघितला नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या बघितल्या. तुम्हीही बघा, जवळ जाऊन. साखळी जिथे रोज घासते तिथे लोखंड चांदीसारखं चकाकतं, गंज धरायला उसंतच मिळत नाही. जिथे एकदाच ठोकर बसून रंग उडाला तिथे तपकिरी गंज, आणि पावसाच्या पाण्याने त्याचा ओघळ खाली उतरलेला. फाळक्याची वरची कड उन्हाने फिकी, चाकाच्या मध्याभोवती ग्रीसचा काळा डाग आणि त्यावर बसलेली धूळ. लोक सगळीकडे सारखाच चंदेरी रंग फासतात आणि गाडी नवीकोरीच दिसते. मी चेनच्या बाहेरच्या कडेला आणि पिनांच्या मधोमध तेवढा चंदेरी दिला, कोपऱ्यांत पातळ बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) सोडला, आणि उडालेले टवके भांडी घासायच्या स्पंजच्या फाटक्या तुकड्याने टिपले. रंग साधे फेविक्रिलचे.

पुढच्या खेपेला ती टेबलावर ठेवली. दादांनी उचलली, टरेट फिरवून बघितला, शिडीवरून नख फिरवलं. म्हणाले, “काम चांगलं केलंयस. पण ओरिजनल ते ओरिजनल.”

म्हणजे दिसण्याचा मुद्दा संपला आणि खोक्यावरच्या नावाचा सुरू झाला. त्यावर माझं उत्तर त्या दिवशी अर्धं राहिलं, ते इथे पूर्ण करतो. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये घरातल्या जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम छापले, ते खेळण्यांच्या दुकानातल्या शिशाच्या सैनिकांसाठी आणि स्प्रिंगच्या तोफेसाठी होते. वॉरहॅमर 40,000 हा सायन्स फिक्शन वॉरगेम आला 1987 मध्ये. त्याची पहिली प्लॅस्टिकची गाडी आली 1988 मध्ये, आणि त्या सुरुवातीच्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा हे कंपनीनेच खेळाडूंना दाखवलं होतं. 2017 चा गॅसलँड्स हा गाड्यांच्या लढाईचा खेळ तर हॉट व्हील्ससारख्या गाड्या कापून-रंगवूनच खेळतात. ज्याला दादा ओरिजनल म्हणतात त्याची सुरुवातच खेळण्यांपासून झाली आहे. ज्यांना विकत घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्यावं, माझी ना नाही. पण खोक्यातून काढून कागदावर दाखवल्याप्रमाणे जोडलेली गाडी जगात हजारोंच्या कपाटात आहे. माझी पोकलेन एकच आहे, आणि तिच्यातला प्रत्येक मिलिमीटर का तसा आहे ते मी सांगू शकतो. तुमच्या ग्रुपमधल्यांना हेच विचारा: कशावरून खेळणं? मापात दोष दाखवला तर ऐका आणि दुरुस्त करा, नुसतं खोकं दाखवलं तर सोडून द्या.

काही गोष्टी राहिल्या. वॉरहॅमरवाल्या कंपनीच्या अधिकृत स्पर्धेत त्यांचीच मॉडेल्स लागतात, तिथे हा वाद घालून उपयोग नाही. घरगुती खेळात वन पेज रूल्ससारखे नियम घ्या, त्यांना कोणत्याही कंपनीची मिनिएचर्स (छोटे सैनिक आणि गाड्या) चालतात आणि मूळ नियम फुकट मिळतात. पण गाडीची लांबी-रुंदी त्या युनिटच्या नेहमीच्या मॉडेलच्या आसपास ठेवा. छोटी गाडी आडोशाला सहज लपते, समोरच्यावर अन्याय होतो. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्याआधीच्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून वॉटर पेपरने ओलंच घासा, मास्क लावा, आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ ताबडतोब पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात स्प्रे मारायला जाऊ नका, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. तेवढे दोन महिने कापाकापी आणि एम-सीलची कामं उरका.

तुमच्या रोबोबद्दल थोडक्यात: सांधे हलते ठेवले तर रंग तिथेच पहिल्यांदा खरवडला जाणार, म्हणून आधी पवित्रा ठरवा आणि सांधे आतून तार घालून पक्के करा. आणि त्याचं डोकं काढून निम्म्या आकाराचं बसवा. खेळण्यातल्या रोबोचं डोकं मुद्दाम मोठं केलेलं असतं, ते लहान झालं की तोच रोबो दुप्पट उंच वाटतो. ट्रकचे फोटो टाका, चाकं ठेवायची की चेन बसवायची ते बघून सांगतो.